एक रो-हाऊस आणि चार पार्ट्या

घराबद्दल घरात बोलायचं नाही, असा आमच्या घरात नियम होता.

हा नियम आईनं केला होता आणि त्याला कारण होतं. खरं म्हणजे दोन कारणं होती. पहिलं कारण अण्णा, म्हणजे माझे वडील. फार वर्षांपूर्वी त्यांना चिकलठाण्याकडं एक प्लॉट मिळत होता. मातीमोल भावात! अण्णांनी ही आनंदाची बातमी सकाळी फिरायला जाताना सोबतच्या मित्राला सांगितली. संध्याकाळी इसार द्यायला गेले तर प्लॉट दुपारीच गेलेला. कुणी घेतला? सोबत फिरणाऱ्या मित्रानं! (दोघं अजूनही सोबत फिरतात. आता त्या प्लॉटवर त्या मित्राचा बंगला आहे आणि अण्णा तिथं चहा पितात. चहा चांगला असतो म्हणे.)

दुसरं कारण मी. मी एक फ्लॅट बघून आलो आणि आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये त्याचं इतकं रसभरीत वर्णन केलं, की आठवड्यात बिल्डरचा फोन आला. "सर, भाव थोडा वाढलाय. तुमच्याच कॉलेजातले तिघं जण येऊन गेले. तुमचं नाव सांगितलं तिघांनीही."

त्या दिवशी आईनं अण्णांना, मला आणि माझ्या बायकोला, म्हणजे माधुरीला, देव्हाऱ्यासमोर ओळीत उभं केलं. "इसारपावती हातात पडेस्तोवर तोंडातून शब्द काढायचा नाही. बाहेर नाहीच, पण घरात पण नाही. दृष्ट लागते."

"अगं, घरातल्या घरात कुणाची दृष्ट लागणार?"

"तुझी!" आई म्हणाली.

आम्ही ताम्हनाला हात लावून शपथ घेतली. विषय संपला. पुढची सहा वर्षं आमच्या घरात घराचा 'घ' कुणी काढला नाही. तेवढ्यात शहर कुठल्या कुठं गेलं. पूर्वी बीड बायपासच्या पलीकडं राहतो म्हटलं की लोक विचारायचे, "मग शेती किती?" आता विचारतात, "मग भाव काय चाललाय?"

आम्ही तिथंच भाड्यानं राहायचो. दुसरा मजला, लिफ्ट नाही. आईचे दोन्ही गुडघे गेलेले. वर्षभरात ती तीनदाच खाली उतरली होती. दोनदा दवाखान्यात आणि एकदा मतदानाला. भाजीसुद्धा बाल्कनीतून दोरीला पिशवी बांधून वर ओढायची. कधी कधी भाजीवाला निघून गेल्यावरही ती तशीच खाली बघत उभी राहायची. मला ते बघवायचं नाही. तिला बंगला नको होता, माडी नको होती. पायात चप्पल सरकवावी आणि सरळ रस्त्यावर यावं, एवढंच तिला हवं होतं.

आणि एप्रिलमध्ये घरमालक वर आले. (तेही धापा टाकत.) म्हणाले, "बिल्डरला देऊ राहिलो बिल्डिंग. जूनअखेर खाली करा."

त्या रात्रीच्या जेवणात चौघांपैकी कुणीही काही बोललं नाही. नियम म्हणजे नियम!

दुसऱ्याच दिवशी मला चहाच्या टपरीवर कळलं, की मागच्या गल्लीतले मुनीरचाचा घर विकतायत. मुनीरचाचा म्हणजे निवृत्त बस ड्रायव्हर. आयुष्यभर घाट चढले-उतरले, आता दोघा नवरा-बायकोला खुलताबादला भावाच्या मळ्यात जाऊन राहायचं होतं. घर म्हणजे जुनं रो-हाऊस, तीन खोल्या, पुढं एक पेरूचं झाड, आणि एकही पायरी नाही! मी टपरीवरचा चहा अर्धा टाकून निघालो.

"चाचा, भाव काय?"

"बेचाळीस लाख. पन विनूभाऊ, एक बात सांगतो..."

"थांबा! आधी माझी बात ऐका. मी आलो होतो हे कुणाला सांगायचं नाही. आमच्या घरी तर अजिबात नाही. जबान द्या."

चाचा माझ्याकडं बघतच राहिले. "घरी पन नाय?"

"घरी तर नाहीच नाही!"

चाचांनी छातीवर हात ठेवला. "दिली जबान. पन मी म्हनतो, तुम्ही एकदा घरी बोलून घ्या ना."

"तुम्हाला काही कळत नाही," मी म्हणालो आणि निघालो. (या गोष्टीत काही न कळणारा माणूस कोण होता, ते पुढं येईलच.)

चार दिवसांनी परत गेलो. सहज विचारलं, "अजून कुणी आलं होतं का?"

चाचा खोटं बोलत नाहीत. "आले होते," ते म्हणाले आणि पेरूच्या झाडाकडं बघू लागले.

"कोण?"

"जबान दिली ना त्यांना पन."

"किती म्हणाले?"

"मी काय बोललो नाय. तेच म्हनले, त्रेचाळीस."

माझ्या डोक्यात रक्त चढलं. आईच्या घरावर हा कोण उपटसुंभ टपकला! "चव्वेचाळीस!" मी ओरडलो.

"अरे विनूभाऊ, मी कुठं वाढवायला सांगितलं? ऐका तर..."

मी ऐकलं नाही. त्यानंतर तो उपटसुंभ साडेचव्वेचाळीस म्हणाला. मी पंचेचाळीस म्हणालो. मग एकदम शेहेचाळीस आले आणि चाचा म्हणाले, ही तिसरी पार्टी. तिसरी! आमच्या त्या मागच्या गल्लीत, जिथं दिवसाआड सुद्धा पाणी येत नाही, तिथं तीन-तीन पार्ट्या! मी सत्तेचाळीस म्हणालो तेव्हा चाचांनी कपाळावर हात मारला. "या अल्लाह! भाऊ, एवढे पैशे हायत का तुमच्याकडं?"

नव्हते. पीएफ, चारचाकी घेण्यासाठी वेगळे ठेवलेले पैसे आणि बँक देईल ते, सगळं मिळून पहिल्या बेचाळीसला पण पोचत नव्हतं. पण लिलावात उतरलेल्या माणसाला हे कोण सांगणार?

मी काटकसर सुरू केली. पान सोडलं, टपरीवरचा चहा सोडला. आणि नवल म्हणजे घरातली बाकीची माणसं पण अचानक साधी राहायला लागली. अण्णांनी वर्तमानपत्र बंद केलं. म्हणाले, "त्यात काय असतं हल्ली?" माधुरीनं वरणावरचं तूप बंद केलं. म्हणाली, "कोलेस्टेरॉल." आठवडाभर आम्ही नुसतं पिठलं खात होतो आणि एकमेकांकडं बघून हसत होतो. मला वाटलं, काय माणसं आहेत! घर जाणार म्हणून कसं समजून वागू लागलीत. गहिवरून आलं मला. मी अण्णांना म्हणालो पण, "अण्णा, तुमच्यासारखे वडील मिळायला भाग्य लागतं." अण्णा दचकले. "का रे? तुला कुणी काय सांगितलं का?"

"छे! तुम्हाला कुणी काही सांगितलं का?"

"छे!"

आणि आम्ही दोघं परत पिठल्याकडं वळलो.

आता मला शत्रूचा छडा लावायचा होता. मी एका दुपारी अर्धी रजा टाकली आणि चाचांच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी लावून उभा राहिलो. ओळखू येऊ नये म्हणून हेल्मेट घातलं. (आमच्या शहरात गाडी बंद करून हेल्मेट घालून उभा राहिलेला माणूस किती संशयास्पद दिसतो, हे तेव्हा ध्यानात आलं नाही. दोन कुत्री शेवटपर्यंत भुंकत होती.) अर्ध्या तासानं चाचांच्या फाटकातून एक बाई बाहेर पडली. तोंडाला स्कार्फ, त्यावर गॉगल, अंगात पांढरा सनकोट, हातात कोपरापर्यंत मोजे. उन्हाळ्यात आमच्याकडच्या सगळ्या बाया अशाच दिसतात. प्रत्यक्ष आई समोरून गेली तरी मुलगा ओळखायचा नाही. बाईनं लाल स्कूटी चालू केली. मी मागं लागलो.

ती डावीकडं वळली, मी डावीकडं. ती जोरात, मी जोरात. तिनं आरशात बघितलं आणि स्कूटी अशी पळवली, की काय सांगू! बायपास ओलांडला, पेट्रोल पंप गेला, मंगल कार्यालय गेलं आणि भाजी मंडईच्या गर्दीत ती कुठं नाहीशी झाली ते कळलंच नाही. मी तिथं कोथिंबिरीच्या ढिगाशेजारी घामाघूम उभा राहिलो.

संध्याकाळी माधुरी घरी आली ती थरथरतच. "अहो, आज एक हेल्मेटवाला मेला माझ्या मागं लागला होता! पार मंडईपर्यंत!"

माझा संताप संताप झाला. "काय? भर दिवसा? जमाना लई खराब झालाय. कोण होता?"

"मला काय माहीत! मैत्रिणीची स्कूटी होती म्हणून वाचले. आपल्यासारखीच काळी गाडी होती त्याची."

"नंबर घ्यायचास ना!"

"मी पळू का नंबर घेऊ?"

"मला एकदा सापडू दे तो," मी म्हणालो. "तंगडं मोडतो त्याचं." आणि अण्णा म्हणाले, "मी धरतो, तू मोड." आम्ही घरातली पुरुषमाणसं त्या हरामखोराला कसं धरायचं याचा बेत रात्री जेवण होईस्तोवर करत होतो. (एवढं होऊनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मी ग्रंथपाल आहे. पुस्तकं बरोबर जागी लावतो. बाकी विशेष काही जमत नाही.)

एक गोष्ट मात्र मला खटकायची. दर गुरुवारी मुनीरचाचांची बायको, म्हणजे चाची, आईला भेटायला दोन मजले चढून यायच्या. ती दोघींची जुनी मैत्री. दार लोटून घेऊन कुजबुजायच्या, मधूनच आई खो खो हसायची. मी आत गेलो की गप्प. मला भीती, चाचींनी माझं गुपित आईला सांगितलं तर? मी जिन्यात त्यांना गाठून हात जोडले. "चाची, आईला काही बोलू नका हं!"

"मैं क्यूं बोलूं बेटा? तुम्हारी अम्मा कू सब मालूम रहता," असं म्हणून त्या पदर तोंडाला लावून खाली उतरल्या. मी निश्चिंत झालो.

इकडं भानगड वाढत चालली होती. कोपऱ्यावर गजू नावाचा प्रॉपर्टी एजंट बसतो. त्याला कुठून तरी वास लागला. त्यानं फळ्यावर खडूनं लिहिलं, 'मागील गल्ली रो-हाऊस – भाव ५१ च्या पुढे.' मी विचारलं, "एक्कावन्न कशावरून रे?"

"साहेब, तीन पार्ट्या मारामारी करू राहिल्यात तिथं! पैशेवाली लोकं दिसतात. पुण्याची असतील."

मी हताश झालो. पुण्याच्या लोकांपुढं आपण काय टिकणार! आणि दुसऱ्या दिवशी आमचे घरमालक परत धापा टाकत वर आले. "भाव लई चढू राहिलेत. बिल्डर घाई करतोय. जून नाय, आता मेअखेर खाली करा!"

ते गेल्यावर आई बाल्कनीत गेली. कठड्याला धरून बराच वेळ खाली बघत राहिली. मी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो आणि नियम आठवून म्हणालो, "आज ऊन फार आहे, नाही?"

"हं," आई म्हणाली. "गप्प बसायला तुम्ही भारी शिकलात."

त्याच दिवशी चाचांचा फोन आला. "विनूभाऊ, रविवारी सकाळी दहाला या. फैसला करून टाकू. माझी झोप उडाली राव!"

रविवारी नऊलाच मी म्हणालो, "कॉलेजात जरा काम आहे." अण्णा म्हणाले, "मी पेन्शनचं बघून येतो." (रविवारी! आणि मी म्हणालो, "बरं, जपून जा.") माधुरी तर सकाळीच मैत्रिणीकडं गेली होती. आई एकटी घरी राहणार म्हणून वाईट वाटलं, पण तिचंच तर काम होतं.

कुणाला संशय नको म्हणून कॉलेजपर्यंत चक्कर मारून मी दहाला चाचांकडं पोचलो, बाजेवर बसलो. फाटक वाजलं. डोक्याला रुमाल गुंडाळलेला एक म्हातारा आत आला. मी मुठी आवळल्या. म्हाताऱ्यानं रुमाल सोडला.

"अण्णा!"

"विनू! तू इथं काय करतोस?"

"मी? मी सहज... पेरू घ्यायला. तुम्ही?"

"मी पण पेरूच घ्यायला."

"मे महिन्यात?"

अण्णांनी झाडाकडं बघितलं. झाडाला पानं सोडून काही नव्हतं. तेवढ्यात फाटकाशी लाल स्कूटी थांबली. स्कार्फ, गॉगल, सनकोट! मी उठून उभा राहिलो. "अण्णा, हीच ती! हीच ती पुण्याची बाई!"

बाईनं गॉगल काढला. मग स्कार्फ सोडला. ते काम दोन मिनिटं चाललं होतं आणि ती दोन मिनिटं मी आजवर विसरलो नाही.

"पुण्याची?" माधुरी म्हणाली. मग तिचं लक्ष माझ्या काखेतल्या हेल्मेटकडं गेलं. ती हेल्मेटकडं बघते, गाडीकडं बघते, माझ्याकडं बघते. "अहो! तो मेला तुम्ही होतात?"

अण्णा माझ्याकडं वळले. "काय रे, तंगडं आता मोडायचं का घरी जाऊन?"

मग तिघं एकदमच ओरडायला लागलो. "त्रेचाळीस तुम्ही म्हणालात?" "मग चव्वेचाळीस कोण बोललं?" "शेहेचाळीस तू? कुठून आणणार होतीस?" "शिकवणीचे साठवलेत सात वर्षं! तुम्ही कुठून आणणार होतात?" "माझी ठेव आहे!" "कसली ठेव? आम्हाला नाही सांगितली!" "सांगायचं नव्हतं ना! नियम आहे!" चाचा मधे उभं राहून दोन्ही हात वर करत होते. त्यांनी तीस वर्षं बस चालवली, पण असे पॅसेंजर त्यांना पण भेटले नसणार.

"चाचा, तुम्ही तरी सांगायचं!" मी म्हणालो.

"कसं सांगू? तुम्ही जबान घेतली, अण्णासाबनं घेतली, सूनबाईनं घेतली. मी तिघांना पन पहिल्या दिसापासून म्हनू राहिलो, घरी बोला, घरी बोला. कोन ऐकतंय? मग म्हनलं नाव कुनाचं घ्यायचं नाय, फकत टाइम सगळ्याला एकच द्यायचा."

"बरं मग आता घर कुणाला?" अण्णांनी विचारलं.

चाचा चाचरले. "घर तर तुम्ही यायच्या आधीच गेलं."

आम्हा तिघांचे चेहरे पडले. मला बाल्कनीतली आई दिसायला लागली. "कुणाला दिलंत?"

"चौथ्या पार्टीला. म्हंजे, पहिल्या."

आतल्या खोलीचं दार उघडलं. चाचींच्या खांद्याला धरून, एकेक पाऊल टाकत, आई बाहेर आली. पायात चप्पल होती. दोन मजले उतरून, गल्ली ओलांडून, ती आमच्या आधी येऊन बसली होती!

"आई! तू? अगं, जिना कशी उतरलीस?"

"बसून बसून. एकेक पायरी." ती बाजेवर टेकली. "एप्रिलातच चाचीला सांगून ठेवलं होतं, घर मला पाहिजे. माझी पाटली दिलीय इसार म्हणून. बेचाळीसला."

"आणि बाकीचे पैसे?" अण्णा किंचाळले.

"ते तुम्ही आणणारच होतात. पण कुणाकडं किती आहेत ते मला कुठं माहीत होतं? विचारलं असतं तर सांगितलं असतंत का?" आईनं चाचीकडं बघितलं आणि दोघी हसायला लागल्या. "मला वाटलं, एक जण तरी येऊन बोलेल. पण नियमाला इतके पक्के निघालात, की दर गुरुवारी मला तुमचा नवा आकडा कळायचा. म्हटलं चालू दे. तोवर कुणी कुठं काय दडवलंय ते तरी समजतंय!"

तिथंच, त्या पेरूच्या झाडाखाली, आम्ही हिशेब मांडला. चौघांपैकी एकाकडंही बेचाळीस नव्हते. चौघांचे मिळून, बँकेचे थोडे धरून, बरोबर बसले. अण्णांनी आईकडं बघत डोक्याला रुमाल परत गुंडाळला. मग म्हणाले, "तुला तहसीलमध्ये नोकरी द्यायला पाहिजे होती. माझ्या जागेवर." मी रडलो. हसत हसत रडलो, पण रडलो. आई मात्र कुणाकडंच बघत नव्हती. ती उठून फाटकापर्यंत गेली, फाटकाबाहेर गेली, दोन पावलं रस्त्यावर चालली आणि परत आली. कशाला, ते तिलाच माहीत. परत येताना तिचा चेहरा असा होता, की माधुरीनं मला तिथल्या तिथं माफ केलं. (थोड्या दिवसांनी ती माफी परत घेतली गेली. अजूनही कुणी पाहुणे आले की हेल्मेट बाहेर काढून दाखवते.)

मेअखेर आम्ही राहायला आलो. वास्तुशांतीला सिल्लोडहून माझा मेहुणा आला. घर बघून हरखून गेला. शेजारचं रो-हाऊस पण विकायला होतं. ताईच्या शेजारी राहायला मिळेल म्हणून तो धावत विचारायला गेला आणि तोंड पाडून परत आला.

"काय झालं?" मी विचारलं.

"एक्कावन्न म्हणतोय! म्हणे या गल्लीचा तोच रेट आहे आता. दाजी, तुम्ही इथलेच ना? कोण येडे होते ओ ते, ज्यांनी एवढा भाव चढवला?"

अण्णा एकदम होमाच्या समिधा मोजायला लागले. माधुरी लगबगीनं आत गेली. आई दारातल्या खुर्चीवर बसून माझ्याकडंच बघत होती.

मी मेहुण्याच्या तोंडात अख्खा पेढा कोंबला आणि म्हणालो, "हळू बोल. आमच्याकडं घराबद्दल घरात बोलत नाहीत."